बकरीची गोष्ट नंतर

मागच्याच्या मागच्या वर्षी आषाढी एकादशीला मी देवासमोर बसले आणि बोलून गेले, "देवा, माझ्या लेकीची सुखरूप सुटका होऊ दे. मी अख्खा चातुर्मास जेवताना मौन पाळीन. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत अवाक्षर काढणार नाही."

लेक नाशिकला, पहिलटकरीण, डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं. आई इथे बोईसरला बसून दुसरं काय करणार? हात जोडले, निरांजन लावलं, उठले. भाजी चिरायला बसले आणि विळीवरच हात थांबला. अगं बाई! दुपारचं मी घरी कुठे जेवते? मी जेवते बालवाडीत, मुलांच्या पंगतीत!

बालवाडीची पंगत बघितली आहे का कधी? एकाच्या डब्याचं झाकण उघडत नाही, दुसऱ्याची भाजी तिसऱ्याच्या मांडीवर, आणि चौथा रडतोय, कारण पाचवीने त्याच्याकडे बघितलं! तिथे मी मौन पाळणार!

आमचे हे कंपनीत शिफ्टला निघाले होते. बूट घालता घालता म्हणाले, "मग नेम बदल की. वांगं सोड."

"वांगं मी दर चातुर्मासात सोडते!"

"मग कारलं सोड."

"तुम्हाला नको असतं म्हणून?"

हसण्यावारी गेलं. पण देवाला दिलेला शब्द परत कसा घ्यायचा? वाहिलेला नारळ उद्या देवळात जाऊन परत मागेन का मी? नेम राहिला. आणि त्या नेमामुळे आमच्या बालवाडीचे जे किस्से माझ्यापाशी साठले, ते आज सांगायला बसले आहे.

किस्से कसे साठतात सांगू? बालवाडीच्या दाराशी चपला साठतात ना, तसे. सकाळी ढीग. दुपारी जो तो आपापली जोडी शोधून घरी जातो. आणि रोज एखादी एकटीच चप्पल उरते. कोणाची ते आपल्याला ठाऊक असतं, पण न्यायला कोणी येत नाही. माझे किस्से बहुतेक त्या उरलेल्या चपलेचे आहेत.

* * *

आधी आमची ओळख करून देते. बोईसरजवळ सरावलीला आमच्या बिल्डिंगच्या मागे दत्ताचं छोटं देऊळ आहे. देवळाला लागून हॉल, मधलं दार उघडलं की समोर दत्त, आणि त्या हॉलमध्ये आमच्या महिला मंडळाची बालवाडी. मुलं सगळीकडची. कोणाचे वडील साताऱ्याहून आलेले, कोणाचे जळगावहून, कोणाचे थेट बिहारहून, सगळे कंपन्यांत. आणि पलीकडच्या पाड्यावरची काही मुलं.

मंदाबाई आमच्या मुख्य. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच महिन्यात बालवाडी काढली, घरात करमेना! कुंदा मदतनीस. ती चिंचणीची, मासळीवाल्या घरातली, आवाज असा की समुद्रावरून हाक मारली तर होडी वळावी. आणि मी. मला सगळी मुलं काकू म्हणतात. मी काही शिकलेली शिक्षिका नाही. गुरुवारी देवळात प्रसाद वाटायला जायची, तिथून मंदाबाईंनी उचलली. "प्रसाद वाटता येतो ना? मग पोरांना खाऊ वाटा!"

आमची बालवाडी एका गोष्टीसाठी नावाजलेली होती. शिस्त! मंदाबाई दारातून नुसत्या आत आल्या की आम्ही म्हणायचो, "हाताची घडी!" आणि सगळी मुलं, "तोंडावर बोट!" की झालं. हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायचा.

एकदा एक पाहुण्या बाई बघायला आल्या. मोठ्या गाडीतून. आम्ही मुलं बसवली, घड्या घातल्या, बोटं ठेवली. बाईंचं भाषण चाललं होतं, "इतकी छोटी मुलं आणि इतकी शांत! मला माझ्या नातवाला इथे आणावंसं वाटतंय!" मंदाबाईंचा चेहरा उजळला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक ओहोळ निघाला आणि सावकाश पाहुण्या बाईंच्या पायांपर्यंत गेला. रांगेत आमचा बिहारी छोटू. ताठ बसलेला. डोळे भरलेले. घडी जागच्या जागी, बोट जागच्या जागी.

कुंदा फडकं घेऊन धावली आणि कौतुकाने म्हणाली, "बघा बाई, काय शिस्त हाय! मुतला, पन तोंडावरचं बोट नाय काढलं!"

आम्ही सगळ्या हसलो. पाहुण्या बाईसुद्धा हसल्या. छोटू हसला नाही. आता आठवलं की छोटूचे डोळेच आठवतात.

* * *

नेमाच्या त्याच वर्षी, जूनमध्ये, पाड्यावरून रोशनी आली. बापाचं बोट धरून आली ती बोलतच आली. चपला काढायच्या आधीच मला म्हणाली, "आमची बकरी हाय ना, ती रातची..."

मी म्हटलं, "रोशनी, आज गाय आहे. गाईचा तक्ता लावलाय ना? बकरीची गोष्ट नंतर."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "आमची बकरी हाय ना, ती रातची..."

मंदाबाई म्हणाल्या, "आधी प्रार्थना. बकरी नंतर."

तिसऱ्या दिवशी तिने कुंदाला गाठलं. कुंदाच्या हातात दुधाचं पातेलं. "आमची बकरी हाय ना..."

"बाजूला हो गं बाय, सांडंल! नंतर सांग!"

चौथ्या दिवशी रोशनी आली, चपला काढल्या, भिंतीशी बसली, स्वतःच हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं. आणि त्यानंतर ती वर्गात बोलली नाही. शब्द नाही. नाव विचारलं तरी बोट. पाणी हवं का विचारलं तरी बोट.

आम्हाला काय वाटलं असेल? आम्हाला वाटलं, पोर रुळली!

पंधरा ऑगस्टला मंदाबाईंनी सोनेरी कागदाचा बिल्ला केला, "सर्वांत शांत मूल". तो मी माझ्या हाताने रोशनीच्या फ्रॉकला लावला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायच्या म्हणून बाकीच्या मुलांनी बोटं काढली. तिने नाही काढलं.

* * *

आता जरा मागे, मौनाच्या पहिल्या दिवसाकडे. पंगत बसली, मी माझा डबा उघडला, पहिला घास घेतला आणि गप्प. मुलांना मी काही सांगितलं नव्हतं; मोठ्यांनाच समजत नाही, मुलांना नेम काय सांगायचा?

"काकू, हिने माझा आंबा घेतला!" मी गप्प. "काकू, झाकण!" मी उघडून दिलं, गप्प. "काकू, बघा ना!" मी बघितलं. गप्प.

हळूहळू पंगत शांत झाली. सगळे माझ्याकडे टकामका बघू लागले. मग छोटूने निदान केलं, "काकी की बैटरी डाउन है!"

झालं! एकीने माझ्या पाठीवर बटण शोधलं. एकाने कानात फुंकर मारली. छोटू उठला, कोपऱ्यातली उडी मारायची दोरी आणली, एक टोक माझ्या पदरात खोचलं आणि दुसरं टोक नेऊन ठेवलं दत्ताच्या पायाशी.

"चार्जिंग पे लगा दिया," म्हणाला. "अब कोई हाथ मत लगाना."

मी नेम केला होता, पण चार्जिंग मात्र त्या दिवशीच कळलं कुठून येतं!

* * *

मौनातली मुख्य अडचण अशी की मुलाला "बोल" असंही म्हणता येईना. कोणी काही सांगायला आलं आणि मी नुसतं बघत राहिले तर ते बावरायचं. मग एकदा माझा हात आपोआप पुढे गेला. प्रसाद घ्यायला आपण उजवा तळहात कसा पुढे धरतो, थोडा खोलगट करून? तसा मी तो मुलाच्या हनुवटीखाली धरला. म्हणजे, टाक बाबा यात, काय आहे ते.

आणि मुलं टाकायला लागली! जेवता जेवता एकेक जण यायचं, माझा हात धरून स्वतःच हनुवटीखाली न्यायचं आणि बोलायचं. पूर्ण बोलायचं. मधे "हो का", "असं नाही, असं म्हण", "शाब्बास", काही म्हणता येत नव्हतं ना मला! मी बालवाडीत इतकी वर्षं बोलत होते. ऐकायला लागले ती देवाला दिलेल्या शब्दापोटी, नाइलाजाने. हे सांगताना मला अजून लाज वाटते.

वेदांतचं घ्या. साताऱ्याकडचा, वडील कंपनीत. हा मुलगा डबा उघडायचा आणि नुसता बसून राहायचा. आम्ही किती बोललो असू त्याला! "आईने पहाटे उठून केलंय, टाकतोस?" "बघ, सगळ्यांचं झालं!" मंदाबाई मागे उभ्या राहायच्या. एकदा तर मी भरवायलासुद्धा गेले, तोंड दाबून धरलं त्याने. आईला बोलावून सांगितलं, "नखरे फार आहेत हो याचे."

मौनात माझा हात त्याच्या हनुवटीखाली गेला. त्याने हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "भोंगा झाला की बाबा डबा उघडतात. मी पण तेव्हाच उघडणार. मग आम्ही बरोबर जेवतो."

कंपनीचा भोंगा व्हायचा आमची पंगत उठल्यावर. डबे धुऊन, दप्तरं भरून झाल्यावर!

मी मंदाबाईंना सांगितलं. वेळापत्रक म्हणजे मंदाबाईंची गीता. मंडळाच्या अध्यक्षांनी विनंती केली तेव्हा पाच मिनिटं हलवली नव्हती त्यांनी. त्या तक्त्यापाशी गेल्या, चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाल्या, "गाणी आधी घेऊ. जेवण भोंग्यावर."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. वेदांतने झाकण उघडलं, समोरच्या रिकाम्या सतरंजीकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, जेवा." डबा चाटूनपुसून साफ.

मंदाबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. म्हणाल्या, "डोळ्यात काहीतरी गेलंय हो. या कंपन्यांचा धूर!" त्या दिवशी वारा समुद्रावरून होता.

* * *

कुंदाची भाची तन्वी चिंचणीहून काही महिने कुंदाकडे राहायला आली होती, तीही आमच्यात बसायची. मी मुलांना माशाचं चित्र दिलं रंगवायला. खाली पाणी, वर मासा, रेषा काढलेल्या. निळं पाणी, नारिंगी मासा, मी नमुना फळ्यावर लावलेला. सगळ्यांनी तसाच रंगवला. तन्वीने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला एक आडवी काठी काढली, काठीला लोंबणाऱ्या रेघाच रेघा.

मी म्हटलं, "तन्वी, मासा कुठे आहे?"

"ह्ये काय!" तिने रेघांवर हात फिरवला.

"मासा पाण्यात असतो ना, राणी?"

"पान्यातला मना दिसत नाय," तन्वी म्हणाली. "आमच्याकडं काठीवर असतो."

बोंबील वाळत घातलेले! तिच्या आजीच्या अंगणातले. मी मात्र तेव्हा काय केलं? "छान आहे, पण आता समोरचं रंगव," म्हटलं. आता समोरचं रंगव! जणू तिचा अंगणातला मासा चुकलेला आणि माझा छापील मासा बरोबर.

पुढे मौनातून थोडी अक्कल आल्यावर आम्ही चित्रांचं प्रदर्शन मांडलं. या वेळी नमुना नव्हता. तन्वीने परत तेच काढलं. मंदाबाईंनी दोरी बांधली, सगळी चित्रं टाचण्या लावून भिंतीवर, आणि तन्वीचं मात्र दोरीवर, कपड्याच्या चिमट्याने.

कुंदाने विचारलं, "हिचंच का ओ दोरीवर?"

"बोंबील आहेत," मंदाबाई गंभीरपणे म्हणाल्या. "भिंतीला लावले तर वाळतील कसे?"

* * *

मधे पालघरला एक ट्रेनिंग होतं, बालवाडीच्या बायकांसाठी. मी आणि मंदाबाई एसटीने गेलो. विषय होता, "मुलांचं ऐकून घेऊया." मला वाटलं, देवानेच पाठवलं! माझ्याकडे सांगण्यासारखं होतं ना, तळहाताचं, भोंग्याचं. आणि विचारायचंही होतं. रोशनीचं. बाकी सगळी मुलं माझ्या हातात बोलत होती. ती एकटी अजून बोट ठेवून होती. भात कापून झाला की पाड्यावरची माणसं वीटभट्ट्यांवर जातात, मुलाबाळांसकट, ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. कधी दुसरीकडेच राहतात. रोशनी गेली तर तोंडावरचं बोट घेऊनच जाणार. ते बोट आम्ही ठेवलेलं होतं. काढायचं कसं?

शिकवणाऱ्या मॅडम पडद्यावर एकामागून एक चित्रं दाखवत होत्या. "मूल बोलत असताना मधे बोलू नका. त्याला पूर्ण वेळ द्या." मी हात वर केला.

"प्रश्न शेवटी!"

थोड्या वेळाने पुन्हा हात वर केला. "ताई, शेवटी म्हटलं ना!"

शेवटी चहा आला. चहानंतर फोटो. प्रश्न राहिले.

फोटोसाठी सगळ्या बायका ओळीत उभ्या राहिल्या. फोटोवाला म्हणाला, "स्माईल!" सगळ्या हसल्या. तो फोटो नंतर मोबाईलवर आला. बघते तर मधोमध आमच्या मंदाबाई, हाताची घडी, तोंडावर बोट!

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "काय हो हे?"

"बघत होते," त्या म्हणाल्या. "आतून कसं वाटतं ते." बोईसर स्टँडवर उतरताना म्हणाल्या, "माझी अख्खी नोकरी त्या बोटावर गेली."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या वर्गात "तोंडावर बोट" बंद झालं. आणि शनिवारी मुलं गेल्यावर आम्ही तिघी चहा घेऊन बसायला लागलो. एकच विषय, या आठवड्यात मी कोणाचं बोलणं मधेच तोडलं? कुंदा दर वेळी म्हणायची, "माजं काय सांगू? नवऱ्याचं धरायचं का?"

* * *

आता रोशनी.

मौन सुरू झाल्यावर ती पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसायला लागली होती. आधी दोन मुलं सोडून, मग एक सोडून, मग खेटून. मला वाटतं, बोलणारी काकू तिला नको होती. गप्प काकू चालत होती. मी तिच्या हनुवटीखाली हात धरायचे. ती हाताकडे बघायची. कधी त्यात भाताचं शीत ठेवायची, कधी चिंचोका. मी ते देव्हाऱ्यात नेऊन ठेवायचे. शब्द मात्र नाही. मी म्हणायचे, असू दे, आज शीत, उद्या शब्द. देव उशीर करतो, पण...

आश्विनात एके सकाळी जावयांचा फोन आला. लेकीला दवाखान्यात नेलंय, थोडं अवघड आहे, तुम्ही देवाचं करा. मी निघणार होते, पण गाडी संध्याकाळची. घरात बसवेना, म्हणून बालवाडीत आले. मनात सारखा एकच जप. भोंगा झाला, पंगत बसली. घास गिळत नव्हता, तरी घेतला, नेम होता म्हणून. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते डब्यात पडत होतं.

रोशनी शेजारी होती. तिने माझ्याकडे बघितलं. तोंडावरचं बोट काढलं. आणि आपला चिमुकला तळहात खोलगट करून माझ्या हनुवटीखाली धरला.

"बोल ना काकू," असं तो हात म्हणत होता.

अहो, इतक्या महिन्यांनी त्या पोरीने मागितलं होतं. मला. बोलायला. आणि माझ्या तोंडात घास, पंगत चालू, लेक टेबलावर, आणि नेम पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत!

काय करू? समोर दत्ताची मूर्ती. मला वाटलं, मी आत्ता एक शब्द काढला आणि तिकडे काही झालं तर? मी ओठ घट्ट मिटले. मान हलवली. नाही म्हणून.

ती हात धरून बसली. खूप वेळ. मग तिने तो बघितला, रिकामा, आणि हळूच मागे घेतला. पुसला फ्रॉकला. आणि बोट परत तोंडावर.

कुंदाने लांबून बघितलं होतं. मुलं गेल्यावर म्हणाली, "काकू, एक शब्द तरी बोलायचा ना ओ!"

"नेम होता गं."

"द्येव काय मोजत बसला व्हता?"

संध्याकाळी गाडीत असतानाच फोन आला. नात झाली. दोघी सुखरूप. मी रडले, हसले, डब्यातल्या अनोळखी बायकांना पेढे कबूल केले! देवाने माझा शब्द राखला. मीही राखला. मग मनात तो रिकामा तळहात का राहिला असेल?

* * *

नाशिकहून परत आले तोवर दिवाळी झाली होती. पाड्यावर भात कापणी, झोडणी, मुलं येईनात. रोशनी दोनदाच आली. मी पंगतीच्या आधी तिला जवळ घेतलं, म्हटलं, "रोशनी, तुमची बकरी रात्रीची काय करते गं? सांग ना मला." बोट.

कार्तिकी एकादशी झाली, माझं मौन सुटलं. तुळशीचं लग्न लागलं. आणि कुंदा सांगत आली, "काकू, पाड्यावर टेम्पो लागलाय. भट्टीवाल्याचा. रोशनीचा बाप पन चाललाय."

मी होते तशी निघाले. हातात तुळशीच्या लग्नाचे लाडू होते तेच घेतले. मंदाबाई आल्या, कुंदा पुढे. टेम्पोत माणसं, पातेली, गोधड्या, कोंबड्या. रोशनी मागच्या फळीपाशी बसलेली, मांडीवर धाकटा भाऊ, दोनेक वर्षांचा.

मी लाडू दिले. म्हटलं, "रोशनी, आज काही धडा नाही. प्रार्थना नाही. मला वेळ आहे. सांग बकरीचं."

तिचा बाप म्हणाला, "बाय, बोल ना काकूला. घरात तं तोंड बंद नाय होत हिचं!"

घरात तोंड बंद होत नाही! मंदाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.

रोशनीने माझ्याकडे बघितलं, अगदी नीट बघितलं, आणि तोंडावर बोट ठेवलं. रागाने नाही हो. चांगली मुलगी जशी ठेवते तसं. शेवटचं एकदा मला खूश करायला.

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. दणका बसला तसा धाकट्याने भोकाड पसरलं. बाप ओरडला, आई ओरडली, कोंबड्या ओरडल्या. आणि त्या सगळ्या गोंधळात रोशनी ताठ बसली, मान तिरकी केली आणि खणखणीत म्हणाली,

"हाताची घडी! तोंडावर बोट!"

हुबेहूब माझा आवाज. "घडी" म्हणताना मी जो हेल काढते तोसुद्धा. टेम्पोतली माणसं हसली. कुंदा हसली, "काकू, तुमीच बसल्यात की आत!" मला हसता येईना.

धाकटा गप्प झाला. त्याने इवलंसं बोट ओठांवर ठेवलं आणि हुंदके गिळत बहिणीकडे बघत राहिला.

टेम्पो हलला. रोशनी त्याच्याकडे बघत होती. मग तिने त्याचं बोट धरलं आणि ओठांवरून खाली घेतलं. आपला तळहात खोलगट केला आणि त्याच्या हनुवटीखाली धरला.

तो काहीतरी सांगू लागला. इंजिनाच्या आवाजात मला एक शब्द ऐकू आला नाही. खूप काही सांगत होता, हातवारे करून. आणि ती मान खाली घालून ऐकत होती, मधे एकदाही न बोलता. टेम्पो रस्त्याला लागून वळला, तरी ऐकतच होती.

येत्या चातुर्मासात तुम्ही काय सोडणार आहात? वांगं सोडा, कांदा-लसूण सोडा, तुमचा नेम तुमच्यापाशी. पण बायांनो, तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कोणी लहान असेल, तर त्याच्याबरोबर एक घास तरी मौनाने जेवा, आणि तळहात पुढे धरा. आणि त्याने कधी आपला हात तुमच्या हनुवटीखाली धरला, तर नेम मोडा. देवाला मी सांगेन.